१७ उद्दिष्टं, १९३ देश : जागतिक सहकार्य खरंच चालतं का?

पाणवठा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मान्य केली. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार जेमतेम १७ टक्के लक्ष्यं वेळेत पूर्ण होण्याच्या मार्गावर आहेत. हा आकडा दाखवून बरेच जण म्हणतात, देशादेशांनी मिळून काही करायचं ही कल्पनाच फोल. मला हे अजिबात मान्य नाही.

देवीच्या रोगाचं उदाहरण घ्या. १९६७ च्या सुमारास जगात दरवर्षी एक कोटीहून जास्त लोकांना देवी येत असाव्यात असा अंदाज आहे. ही साथ जगातून संपवायचा प्रस्ताव जागतिक आरोग्य संघटनेत १९५८ मध्ये मांडला सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी. पुढे १९६७ मध्ये मोहिमेने जोर धरला, तेव्हा तिचे प्रमुख होते अमेरिकेचे डोनाल्ड हेंडरसन. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले हे दोन देश. तरी सोव्हिएत संघ कोट्यवधी डोस पुरवत होता आणि अमेरिका पैसा नि माणसं. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकरीत्या लागण झालेला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. सगळा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर.

माझं म्हणणं एवढंच, की सहकार्याला मैत्री लागत नाही. काम नेमकं हवं, मोजता येणारं हवं आणि पैसे कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. १६९ लक्ष्यांपैकी बहुतेकांत यातलं तिसरं नाही.

उंबरठा

उदाहरण चांगलं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही. देवीच्या विषाणूची बाजू घेणारं जगात कोणी नव्हतं. युद्धाची बाजू घेणारे असतात, त्यांच्याकडे सैन्य असतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत खुर्चीही असते.

आफ्रिकेतलं रवांडा आठवा. जानेवारी १९९४ मध्येच तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवलं होतं की शस्त्रं साठवली जात आहेत, तुत्सी समाजाच्या कत्तलीची तयारी चालू आहे. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. शांतिसेनेचे दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी मागे घेतली. मग २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची ती सेना २७० वर आणायचा ठराव केला. नकाराधिकार वापरायची कुणाला गरजच पडली नाही, ठराव एकमताने झाला. त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा सदस्य होता, म्हणजे ज्यांच्या लोकांच्या हातून कत्तल चालली होती त्याच सरकारचा प्रतिनिधी त्या टेबलाशी बसलेला. साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली.

तुमच्या तिन्ही अटी इथे लावून बघा. काम नेमकं होतं. माणसं मोजता येत होती.

पाणवठा

रवांडाचं समर्थन होऊच शकत नाही, मी करणारही नाही.

पण 'बाजू घेणारं कोणी नसेल तरच जमतं' हेही खरं नाही. ओझोनला भोक पाडणारी रसायनं विकणाऱ्या मोठ्या कंपन्या होत्या आणि त्यांनी विरोधही केला. तरी १९८७ मध्ये ती रसायनं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत, १९९० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा निधी, आणि कराराबाहेर राहणाऱ्यांशी त्या रसायनांचा व्यापार बंद. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे.

तळटीप

पर्यायी रसायनंही बऱ्याच अंशी त्याच कंपन्या विकणार होत्या, म्हणून त्यांचा विरोध मावळला. कोळसा आणि तेलाचं तसं नाही.

मला पैशाबद्दल बोलायचंय. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकासासाठी द्यावेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. पन्नासहून जास्त वर्षं झाली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश तिथवर पोचले. कोव्हॅक्सला, म्हणजे सगळ्या देशांना कोविडची लस मिळावी म्हणून उभारलेल्या योजनेला, २०२१ अखेर २०० कोटी डोस पोचवायचे होते, निम्मेही पोचले नाहीत, कारण श्रीमंत देशांनी आपापले करार आधीच करून ठेवले होते. २०२३ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २.४ लाख कोटी डॉलर होता. अधिकृत विकास मदत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

न पाळल्यास काहीच होत नसेल तर त्याला वचन म्हणू नये. आणि 'मदत' हा शब्दही सोडा. ज्यांनी हवा बिघडवली त्यांनी भरपाई द्यायची आहे.

चांदणवेल

मी फक्त एक घटना सांगते. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये यादवी चालू होती. १९८५ मध्ये युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर दोघांनीही तीन दिवस बंदुका खाली ठेवल्या, मुलांना लस टोचता यावी म्हणून. युद्ध संपेपर्यंत दरवर्षी असे दिवस पाळले गेले. उंबरठा, तुम्ही म्हणता तशी युद्धाची बाजू घेणारेच होते हे, दोन्हीकडचे.

उंबरठा

आणि चौथ्या दिवशी? ते युद्ध १९९२ पर्यंत चाललं. गोवराची लस मिळालेलं मूल गोळीने जाऊ शकतं. त्या दिवसांचं मोल मी नाकारत नाही, पण त्याला शांतता म्हणता येत नाही.

पाणवठा

उंबरठा, माझं पहिलं विधान मी आवरतं घेतो. माझ्या तीन अटी रोगाला आणि रसायनाला लागू पडतात. १६ वं उद्दिष्ट शांतता आणि न्यायाचं आहे, तिथे त्या पुरत नाहीत. तळटीप म्हणतात ती चौथी अट, न पाळणाऱ्याला काहीतरी भोगावं लागणं, माँट्रियलमध्ये होती आणि मी ती नीट मोजलीच नव्हती.

पण ते तीन दिवस मला सोडवत नाहीत. पोलिओविरुद्धची मोहीम १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना त्याने लुळेपण येत होतं. आज नैसर्गिक पोलिओ (म्हणजे लशीतल्या विषाणूपासून न आलेला) पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे, आणि तिथे लस घेऊन जाणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत.

चांदणवेल

२०२४ मध्ये गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओ सापडला (तो लशीतल्या विषाणूपासून आलेला), तेव्हा सप्टेंबरमध्ये एकेका भागात ठरावीक तास हल्ले थांबवून साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस दिला. दुसऱ्या फेरीला उत्तर गाझात बॉम्बफेक चालू होती. तिथली फेरी आधी पुढे ढकलावी लागली, आणि नंतर झाली तेव्हाही अनेक मुलांपर्यंत पोचता आलं नाही.