मदत हवी आहे: ‘लापुता’चं इंग्रजी डबिंग, पण मूळ संगीतासह

नमस्कार मंडळी. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा १९८६ चा ‘लापुता’ हा ॲनिमेशनपट बाबांना दाखवायचाय. त्यांची नजर अधू झाल्यामुळे सबटायटल वाचता येत नाहीत, इंग्रजी मात्र छान कळतं. म्हणून डबच हवा.

अडचण संगीताची आहे. डिस्नेच्या इंग्रजी डबसाठी मूळ संगीतकार ‘जो हिसाइशी’ यांनी १९९९ मध्ये स्वतःच नवं, मोठ्या ऑर्केस्ट्राचं संगीत केलं. मूळ चित्रपटात संगीत साधारण तासभर होतं, ते दीड तासावर गेलं. पाश्चात्त्य प्रेक्षकांना शांतता खटकेल, ही भीती! वाजलंय सुंदरच, त्याबद्दल वाद नाही. पण सुरुवातीला चाचे हवाई जहाजावर चढतात तेव्हा मुळात फक्त वारा, पावलं, काचा फुटण्याचे आवाज आहेत, आणि नायिका शीता खाली कोसळल्यावरच संगीत येतं. तो थांबलेला श्वास मला बाबांसोबत अनुभवायचाय.

इंग्रजी संवाद आणि मूळ संगीत एकत्र असलेली डीव्हीडी किंवा ब्लू-रे कुणाकडे आहे का? कोणत्या साली, कोणत्या देशात निघालेली? पाकिटावर हे ओळखायचं कसं? पुण्यात असाल तर डिस्क बघायला मी घरी येईन.