तारा गोल असतो, मग त्याचा नेब्युला फुलपाखरासारखा कसा?

स्वरमंडळ_७
हबल दुर्बिणीने काढलेला एनजीसी ६३०२ या नेब्युलाचा (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या गॅसचा ढग) फोटो बघितलाय का कोणी, दोन्हीकडे पसरलेले पंख आणि मधे एकदम बारीक कंबर. सूर्यासारखा तारा मरताना बाहेरचे थर सोडून देतो इतपत माहितीये, पण तारा गोल असेल तर गॅस पण सगळीकडे सारखाच जायला पाहिजे ना? पंख कुठून आले? आणि हा स्फोट असतो का?

धूलिकण
स्फोट नाही हो, सुपरनोव्हा वेगळा, तो सूर्याच्या साधारण ८ पटींहून जड ताऱ्यांचा. इथे सगळं सावकाश चालतं. म्हातारपणी तारा इतका फुगतो की वरच्या थरांवर त्याची पकडच ढिली होते, वर तो लयीत आकुंचन-प्रसरण पावत असतो (तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याचं चक्र साधारण ३३२ दिवसांचं), त्या धक्क्यांनी गॅस वर उचलला जातो, थंड होतो आणि त्यात धूळ तयार होते, काजळी नाहीतर सिलिकेटचे कण. सगळी किमया या धुळीची आहे! ताऱ्याचा प्रकाश धुळीला ढकलतो आणि धूळ गॅसला सोबत घेऊन जाते. वेग सेकंदाला १०-२० किमीच, पण शेवटच्या टप्प्यात काही ताऱ्यांचा गॅस सोडायचा दर एवढा वाढतो की १० हजार वर्षांत एका सूर्याएवढं वस्तुमान जाईल. मग गरम गाभा उघडा पडतो, त्याचा वारा (म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा गॅस) विरळ पण सेकंदाला हजार किमीच्या वर, तो मागून येऊन आधीच्या गॅसवर आदळतो आणि कवच तयार होतं. क्वोक, पर्टन आणि फिट्झगेराल्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे मांडलं.

जोडतारा
वरचं सगळं बरोबर, पण एवढ्याने गोल कवचच मिळतं, पंख नाही मिळत. पंखांसाठी बहुतेक वेळा जोडीदार लागतो. जवळून फिरणारा दुसरा तारा त्या सावकाश गॅसला कक्षेच्या पातळीत गोळा करतो, तिथे जाड कडं होतं, नंतर वेगवान वारा येतो त्याला कड्यातून वाट मिळत नाही म्हणून तो वर-खाली सुटतो. तुम्ही म्हणताय ती कंबर म्हणजे हे कडंच. २०२० मध्ये लीन डेसिन यांच्या टीमने चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी अशा म्हाताऱ्या ताऱ्यांचे वारे तपासले, एकाचाही वारा नीट गोल निघाला नाही, कुठे सर्पिल, कुठे चकती. म्हणजे नेब्युला उजळायच्या आधीच आकाराची तयारी झालेली असते, मला तरी हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

स्वरमंडळ_७
कंबरेचं आत्ता कळलं, धन्यवाद! पण मग एम ५७, म्हणजे रिंग नेब्युला, कसा काय गोल दिसतो? त्याला जोडीदार नाही का?

जोडतारा
तोही गोल नाहीये, पिंप वरून बघितल्यासारखं आहे ते, आपण जवळजवळ त्याच्या अक्षावरून बघतो म्हणून रिंग वाटते. आणि जोडीदाराची खूण तिथेही आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या फोटोंत रिंगच्या बाहेर साधारण १० समकेंद्री कमानी दिसल्या, प्रत्येकीत सुमारे २८० वर्षांचं अंतर, सूर्यापासून प्लूटो आहे तेवढ्या लांबून फिरणारा जोडीदार धरला तर हिशोब जुळतो.

धूलिकण
बघायचाच असेल तर पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी अभिजित तारा शोधा, त्याच्याजवळच्या शेलियाक आणि सुलाफत या दोन ताऱ्यांच्या मधे एम ५७ आहे. ६ इंची दुर्बिणीतून कडं छान दिसतं, मधला तारा मात्र १५ व्या प्रतीच्या आसपास (म्हणजे फारच अंधुक) आहे, त्यातून नाही दिसणार.