त्र्यंबक रोडच्या दोन्ही बाजूंचे बेडूक जेनेटिकली वेगळे निघतील का?

पाणकावळा_नाशिक
नमस्कार मंडळी. एमएस्सी झूऑलॉजी चालू आहे, डिझर्टेशन बेडकांवर करायचंय. डोक्यात असं आहे की अंजनेरीच्या पायथ्याचे बेडूक घ्यायचे, त्र्यंबक रोडच्या पलीकडचे घ्यायचे, अजून एक सँपल गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाचं, आणि बघायचं की जीन फ्लो, म्हणजे एका गटातले जीन्स दुसऱ्या गटात जाणं, नक्की कशाने अडतो, रोडने, नदीने की डोंगराने. पहिल्या मोठ्या पावसात रात्री त्या रोडवर जाऊन बघा, चपट्या झालेल्या टोडचा नुसता सडा असतो, त्यामुळे माझ्या मते रोडच निघणार. सर म्हणतात एवढ्याशा अंतरात काही सापडत नसतं, लांबची ठिकाणं घे. कोणी केलंय का असं काम?

मायक्रोसॅट
किलोमीटर धरून बसू नकोस. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, कातडी वाळली की खेळ खलास, म्हणजे भातखाचरातून जेवढं लांब जाईल तेवढं उघड्या कातळावरून नाही जाऊ शकत. म्हणून हल्ली सरळ रेषेतलं अंतर सोडून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला इथून जायला किती त्रास असा आकडा देतात आणि त्यावर करंट सोडल्यासारखं गणित करतात, जिथे रेझिस्टन्स कमी तिथून जास्त वाहतो. सर्किटस्केप नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं.

आणि अडसर कोणता हे बेडकावर ठरतं बरं का. अमेरिकेत मोंटाना-आयडाहोकडे कोलंबिया स्पॉटेड फ्रॉगवर २००५ साली काम झालं, तिथे डोंगराच्या धारा आणि उंचीतला फरक आडवे आले, खाली दऱ्यांमधले बेडूक मात्र एकमेकांत बऱ्यापैकी मिसळलेले. आपल्या सह्याद्रीत दक्षिणेला बरोबर उलटं, उंचावरच्या झुडपी बेडकांना डोंगर नाही तर पालघाटची खिंड नडली. ३० एक किमी रुंद, सखल, कोरडी. ते अंड्यातून थेट छोटे बेडूक होऊनच बाहेर पडतात, डबकं लागतच नाही पण थंड ओलं जंगल लागतं, ते खिंडीत कुठून आणणार?

तू बेडूक कोणता घेणार तेच लिहिलेलं नाहीस. साधा टोड घेतलास तर तो गंगापूर रोडच्या सोसायटीत पण राहतो, सरांचंच खरं होईल. ओढ्यातल्या दगडांना धरून राहणारी जात घे, मग अंजनेरी नि ब्रह्मगिरी समोरासमोर असूनसुद्धा फरक दिसायची शक्यता आहे.

कसाराघाट
रोडबद्दल थोडं. जर्मनीत १९९० साली साध्या बेडकावर काम झालेलं, रस्ते आणि रेल्वेमुळे गट वेगळे पडलेले दिसले. पण इथे एक गोम आहे. पिढीमागे एखादा जरी पलीकडे पोचला आणि त्याची पिल्लं झाली तरी दोन्हीकडचे जीन्स फारसे वेगळे होत नाहीत, हा जुना ढोबळ नियम आहे. म्हणजे शंभर चिरडले आणि दोनतीन पोचले तर तुझा एफएसटी, म्हणजे दोन गटांच्या जीन्समधला फरक दाखवणारा आकडा, कमीच येणार आणि लोक म्हणणार बघा, रोडचा काही त्रास नाही. जीन्स ठीक म्हणजे बेडूक ठीक असं नसतं. त्यात लोकसंख्या मोठी असेल तर नव्या अडसराचा ठसा उमटायला कितीतरी पिढ्या जातात, तोपर्यंत आकड्यात जुनाच लँडस्केप दिसत राहतो. समृद्धीचंच घ्या ना, सिन्नरकडच्या पट्ट्यात आज सँपल काढलं तर रोडच्या आधीचीच गोष्ट कळेल. इगतपुरीला मात्र जवळपास ८ किमीचा बोगदा आहे, वरचा डोंगर तसाच, त्या तुकड्यात बेडकाला रोड आहे हे माहीतच नाही.

द्राक्षवाला_दिंडोरी
मी शेतकरी माणूस, ते एफएसटी वगैरे कळत नाही पण शेततळ्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे दर चार बागांमागे एक शेततळं, सगळ्यांत प्लास्टिकचा कागद. पाऊस झाला की मोठे पिवळे बेडूक आत उडी मारतात आणि मग बाहेर निघता येत नाही, कागद गुळगुळीत, चढतात नि घसरतात, रात्रभर तेच, सकाळी तरंगताना दिसतात. मी एका कोपऱ्यात ओलं बारदान दोरीने बांधून सोडलंय, त्यावरून निघतात. आता हे तळं तुमच्या नकाशात पाणी म्हणून धरणार का सापळा म्हणून?

मायक्रोसॅट
दादा, लाखातला प्रश्न. सॅटेलाइटच्या फोटोत ते निळंच दिसतं, म्हणजे मॉडेल त्याला सोयीची जागा समजणार. कागदाची आणि मातीची तळी वेगळी नोंदवायला पाहिजेत, ते पायी फिरूनच होईल. पाणकावळा, हे एकच नीट केलंस तरी काम वेगळं होईल.

पाणकावळा_नाशिक
बापरे, एवढा विचारच नव्हता केला. मग टोड बाद. सँपल कसं घेऊ? एका डबक्यातून ३० टॅडपोल उचलले तर चालतील का, सोपं पडेल.

मायक्रोसॅट
अजिबात नको, एका डबक्यातली निम्मी भावंडं निघतील आणि दोन डबक्यांमधला फरक उगाच फुगेल. मोठे बेडूक घे, वेगवेगळ्या ठिकाणचे, तोंडात आतून स्वॅब फिरवला की पुरतं, बोट कापायची गरज नाही. आधी वनखात्याची परवानगी, त्याला वेळ लागतो.

कसाराघाट
आणि त्र्यंबक रोड सोडू नकोस रे. २०२७ च्या कुंभासाठी रुंदीकरण चाललंय तिथे. आत्ताचे स्वॅब नीट लेबल लावून फ्रीजरमध्ये राहिले तर दहाएक वर्षांनी तुझ्याच कॉलेजातलं कोणीतरी आत्ताचे नि तेव्हाचे नमुने शेजारी लावून बघेल. रस्त्याखालच्या मोऱ्या कुठे कुठे आहेत तेही जीपीएसवर टिपून ठेव, पाणी ज्या मोरीतून वाहतं तिथूनच बेडूक पण जातात.