अनुभव धागा : मुंबईत तुमच्या बाजूच्या कॉटवर कोण होतं?

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी पहिल्यांदा पाहिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, थिएटरात, दुपारच्या खेळाला. जेमतेम दहा-बारा डोकी. फ्रान्सच्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट गेला, ग्रां प्री (तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस) घेऊन आला, म्हणून कौतुकाने गेले होते. दहा मिनिटांत बक्षीस विसरले. परवा घरी पुन्हा पाहिला आणि धागा काढल्याशिवाय राहवेना.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (गोष्ट फुटेल, पण हा काही खुनाचा तपास नव्हे). प्रभा आणि अनु या दोन मल्याळी नर्सेस मुंबईत एका घरात राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला आणि हळूहळू त्याचे फोनही थांबले. एक दिवस जर्मनीहून नुसता राइस कुकर येतो, चिठ्ठीचपाटी काही नाही. अनुचं एका मुसलमान मुलावर प्रेम आहे आणि एवढ्या मोठ्या शहरात दोघांना धड बसायला जागा नाही. तिसरी पार्वती, म्हणजे आपली छाया कदम, त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा वारलाय, घराचा कागद हाती नाही, बिल्डर उठवतोय. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी परत जाते आणि या दोघी तिच्या सामानाबरोबर जातात.

मला लागलं ते एवढंच की यातली कोणीही 'तू माझी मैत्रीण' असं म्हणत नाही. प्रभा आणि पार्वती मिळून रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात, झालं.

म्हणून धाग्याचा नियम एकच. तो माणूस किती चांगला होता ते लिहू नका. त्याने काय केलं, तुम्ही काय केलंत, तेवढं लिहा. नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. २००९, उदगीरहून थेट दादर, कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक कॉट तेवढी भाड्याने. बाजूच्या कॉटवर मणिपूरची मुलगी, पार्लरमध्ये कामाला. मालकीणबाईंचे दोन कायदे होते: रात्री दहानंतर दिवा नको आणि 'वासाचं' काही शिजवायचं नाही. वासाचं म्हणजे तिची सुकी मासळी आणि माझा ठेचा. मी मराठी, त्याच राज्यातली, तरी माझ्या मिरचीच्या खाटाने बाईंना ठसका लागायचा! तर मंगळवारी त्या सिद्धिविनायकाला जायच्या. दर्शन, तिथून बहिणीकडे, कमीत कमी तीन तास. तेवढ्यात आम्ही तवा ठेवायचो. तिच्याकडे एरोंबा असतो, उकडलेल्या भाज्या, आंबवलेली मासळी आणि मिरची सगळं ठेचून. कुटायला माझा उदगीरचा खलबत्ता. ती पंखा पाचवर करून दाराशी टॉवेल लावायची, मी जिन्याकडे कान देऊन उभी. दोन वर्षं हे चाललं. ती इंफाळला परत निघाली तेव्हा मी खलबत्ता दिला. विमानाला वजन जास्त भरत होतं, तर तिने बॅगेतून दोन ड्रेस काढून माझ्या कॉटवर ठेवले. मला होत नव्हते ते.

विरार_फास्ट

आधी कबुली. मला पिक्चर संथ वाटला, मध्ये एक डुलकी झाली. कोकण आलं तेव्हा जागा झालो. आणि मुंबईत इतकं हळू कुणी बोलत नाही हो, निदान आमच्या डब्यात तरी नाही.

बाकी नियमात बसणारं एक आहे. नालासोपाऱ्याला एक गृहस्थ चढतात. नऊ वर्षं झाली. मी विरारहून बसून येतो, त्यांची बॅग मांडीवर घेतो, बोरिवली गेली की उठतो आणि ते बसतात. ठरवलं कधीच नाही. नाव अजून विचारलेलं नाही, आता विचारायची लाज वाटते. फोनमध्ये 'नालासोपारा ७.४२' असं सेव्ह आहे. मागच्या पावसाळ्यात रुळांवर पाणी भरलं तेव्हा सकाळी सहाला त्यांचाच फोन आला, "निघू नका." त्यांच्याकडे मी कोणत्या नावाने सेव्ह आहे कोण जाणे.

लालबागचा_भाचा

पार्वतीच्या कागदांचं पाहून बाबांची आठवण झाली. जरा मोठं होईल.

बाबा १९७१ ला कणकवलीकडून कापड गिरणीत कामाला आले. लालबागला आमच्या गाववाल्यांची खोली होती. भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे, वळकट्या कोपऱ्यात. पहिल्या पाळीचे उठले की त्यांच्या जागेवर तिसरीचे येऊन पडायचे. खोलीत सगळे आपलेच. गावची भांडणंसुद्धा तिथे वस्तीला आलेली. बाबांचा दोस्त झाला तो मात्र साचेखात्यातला (साचा म्हणजे माग) बाजूच्या साच्यावरचा आझमगढचा भैया. खात्यात इतका आवाज की बोलणं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून चालायचं. बाबा म्हणायचे, आमची हिंदी वाईट होती हे आम्हाला संप झाल्यावर कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सगळ्यांना वाटलं दोन महिन्यांत मिटेल. बाबा शिमग्याला गावी गेले ते ट्रंक खोलीवरच ठेवून. संप काही मिटला नाही. खोलीचं भाडं थकलं, माणसं पांगली, तेव्हा भैया येऊन ट्रंक घेऊन गेला. काळाचौकीला तो ज्या खोलीत भाड्याने राहायचा तिथे स्वतःलाच जेमतेम जागा होती.

दुसरी भानगड खानावळीची. बाबांची तीन महिन्यांची थकबाकी. खानावळवाल्या बायका घरातच पाच-दहा गिरणीवाल्यांना जेवू घालायच्या, तेही महिनाभर उधारीवर, आणि किराण्यासाठी स्वतः सावकाराकडे दागिने ठेवायच्या. प्रेमाताई पुरवांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ ला निघालं ते यातूनच, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पण संपात उधारी अडकली ती अडकलीच. भैया स्वतः शाकाहारी, त्या खानावळीत कधी जेवला नव्हता. हातगाडी ओढायला लागल्यावर त्याने महिन्याला थोडे थोडे करून बाबांचे पैसे त्या मावशींना दिले. बाबांना पत्ताच नाही!

१९८६ ला बाबा वॉचमनची नोकरी मिळाली म्हणून परत आले. खानावळीच्या मावशींकडे तोंड लपवत गेले तर त्या म्हणाल्या, "तुजे भैयान दिल्यान कधीच." मग ट्रंक. कुलूप तसंच. आत दोन शर्ट, गिरणीचा पास, आईची पत्रं, आणि वरती भैयाने टाकलेल्या डांबराच्या गोळ्या.

रात्रपाळी

मी नर्स आहे, वणीची. पिक्चरमध्ये मल्याळी बायका मुंबईत परक्या आहेत. माझं उलटं होतं. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात लागले तर वॉर्डात बहुतेक सगळ्या केरळच्या, नर्सिंग स्टेशनवर मल्याळम, डब्यात मासे, आणि मी एकटी वऱ्हाडी तोंड बंद करून बसलेली. घरी सांगितलं तर आई म्हणे, "मुंबईत आहेस ना, मराठीच मुलूख आहे, तुले काय होते?" मुंबईच्या मुलींना माझं मराठी ऐकून हसू यायचं ते वेगळंच.

नाइटला एक सीनिअर होत्या, सगळ्या त्यांना चेची (मल्याळममध्ये ताई) म्हणायच्या, म्हणून मीही. पहिल्या आठवड्यात त्यांनी वापरून झालेल्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टच्या पाठीमागे देवनागरीत यादी करून दिली. वेळ्ळम् म्हणजे पाणी. मरुन्नु म्हणजे औषध. उरक्कम् म्हणजे झोप. पुढे 'वेदना' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे आमचंच आहे. त्या म्हणाल्या, नाही, आमचं. त्यावरून पहाटे तीनला आम्ही इतक्या हसलो की पेशंटच्या नातेवाईकाने येऊन दटावलं.

बारा तासांची पाळी असायची. वॉर्ड शांत असला तर लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर वीस मिनिटं एकीने आडवं व्हायचं, दुसरीने दोघींचे बेड बघायचे. नियमात बसत नाही, माहीत आहे. पण मी कोणाच्या भरवशावर डोळे मिटले असतील तर त्यांच्याच.

त्यांचा नवरा आखातात होता. त्याच्याबद्दल त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सलाइन लावता लावता. मी काही बोलले नाही, चिकटपट्टी कापून देत राहिले. म्हणून तो कुकर मिठीत घेऊन बसण्याचा सीन आला तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

पुढे त्यांना आयर्लंडला जायचं होतं. त्यासाठी लागणाऱ्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आम्ही नाइटला करायचो. मी पेशंट व्हायचे, इंग्रजीत कण्हायचे, त्या प्रश्न विचारायच्या. माझं इंग्रजी त्यांच्यामुळे सुधारलं, पास मात्र त्या झाल्या. २०१९ ला गेल्या. आता कोल्हापूरहून एक नवी पोरगी आलीये वॉर्डात. सगळ्या म्हणतात म्हणून तीही मला चेची म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

मोरपंखी

छाया कदमने कानला आपल्या दिवंगत आईची साडी आणि नथ घातली होती, ते पाहिलंत का कुणी? मला अख्ख्या रेड कार्पेटवर तेवढंच आठवतं. अनुभव सवडीने लिहीन, सध्या वाचतेय.

आजी_७१

मला मोबाइलवर मराठी टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमची चाळ पाडून टॉवर झाला. जुनी बिऱ्हाडं तीच, पण दारं बंद. चाळीत कोणाच्या घरी कोणती भाजी ते गॅलरीतून कळायचं, आता आजारपणसुद्धा व्हॉट्सॲपवर कळतं. खाली रात्रीचा वॉचमन आहे, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा, माझ्या नातवाच्या वयाचा. त्याला मी सही शिकवली. अंगठा द्यायचा बिचारा. आधी हिंदीत, मग हट्टाने मराठीत. देवनागरी एकच असते हे मी त्याला सांगितलेलं नाही, दोनदा शिकल्याचा आनंद आहे त्याला. तो मला विजेचं बिल मोबाइलवरून भरून देतो, आणि ओटीपी वाचताना मान दुसरीकडे करतो.

सून म्हणते, आई एकट्या पडल्यात म्हणून वॉचमनशी बोलतात. मी एकटी नाही. मला वेळ आहे, त्यालाही आहे.

पुसदकर

माझ्या वडिलांवर परळला उपचार चालू होते, पाच महिने. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. शेजारी बंगालमधला माणूस, बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेला. त्याची हिंदी मोडकी, माझी त्याहून. आमची भाषा म्हणजे रिपोर्ट. तो कागद पुढे करायचा, मी रक्ताच्या काउंटवर बोट ठेवायचो, तो मान हलवायचा.

एका सकाळी बाबांना प्लेटलेट हवे होते. गावाकडून भाऊ निघाला होता, पण पोचायला संध्याकाळ. हा माणूस मला न विचारता उभा राहिला. प्लेटलेट द्यायला दीड-दोन तास सुई लावून पडून राहावं लागतं. तेवढा वेळ मी त्याच्या मुलाजवळ बसलो. मुलगा मला मोबाइलवर फुटबॉल दाखवत होता.

आम्ही बाबांना घेऊन परत गेलो. ते नंतर आठ महिने होते. त्या मुलाचं काय झालं ते मी फोन करून विचारलेलं नाही. नंबर आहे.

धागाकर्ती

@पुसदकर, काही बोलत नाही. फक्त वाचलं हे कळवते.

आडनाव_नको

इथे सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, माझं तसं नाही. चालणार नसेल तर सांगा, काढून टाकतो.

२०१६. ऑफिसातला एक जण आणि मी दोघं मिळून अंधेरीत जागा शोधत होतो. तो लखनौचा, मी साताऱ्याचा. सहा महिने मरोळला एका खोलीत चौघं राहिलो होतो, त्यात आम्हा दोघांचं जमलेलं. तो चहा करायचा, मी भांडी घासायचो. एक वन बीएचके दोघांनाही आवडला, खिडकीत बदामाचं झाड होतं. टोकन द्यायला गेलो तर ब्रोकरने मला बाजूला घेतलं. "साहेब, तुम्हाला मिळेल. त्यांचं सोसायटीत नाही बसणार." मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाहेर आलो तर त्याने काही विचारलंच नाही. त्याला ओळखीचं होतं ते.

पुढच्या आठवड्यात मी ती जागा एकट्याने घेतली. भाडं झेपत नव्हतं तरी घेतली. सामान हलवायला तो आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत सिलिंडर त्यानेच चढवला, लिफ्ट बंद होती. चहा टाकला, म्हणाला, दूध नंतर आण, काळा पिऊ. नंतर ऑफिसात भेटायचो, बोलायचो, पण त्या घरी तो परत आला नाही. मीही 'ये' म्हटलं नाही.

अनु आणि तिच्या मित्राचं पाहताना लोक ती त्याच्या घरी जायला बुरखा घेते तो भाग सांगतात. मला पूर्ण वेळ तो सिलिंडर दिसत होता.

रात्रपाळी

@आडनाव_नको, काढू नका. राहू द्या.

विरार_फास्ट

+१. आणि पिक्चर पुन्हा लावतोय रविवारी. जागा राहून बघतो.

मोरपंखी

@लालबागचा_भाचा, ती ट्रंक आहे का अजून?

लालबागचा_भाचा

आहे. माळ्यावर. आई त्यात गोधड्या ठेवते. कुलूप जुनंच आहे, पण चावी एकच उरलीये, म्हणून लावत नाही.