विषय: मैदानातून सुटणाऱ्या गाडीचं काय करायचं?

चिटणीस:
सप्रेम नमस्कार. इंदुरात राजेंद्र नगरच्या मैदानात मोटारी लावून सभासदांना रामबागेतल्या सभागृहापर्यंत नेणारी आपली छोटी बस चालू ठेवायची की बंद करायची, हे रविवारच्या कार्यकारिणीत ठरवायचं आहे. गेल्या नाटकाला २२ सीटांत ७ जण होते. भाडं अर्थातच सगळ्या गाडीचं. मतं कळवावीत.

लोकमान्य नगरहून:
अहो चिटणीस, त्या सातांतला एक मी. जाताना सात होते, येताना किती होते तेही लिहा की! तीन.

त्याआधीच्या खेपेची गोष्ट सांगतो. पडदा पडला ९.२० ला. मग प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, आणि मग आभार. आभार मांडवाल्यापर्यंत पोचले तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साडेनऊ. पुढच्या रांगेतून उठायचं कसं? बसून राहिलो. बाहेर आलो तर गाडी गेलेली. सौ.चे गुडघे धड नाहीत, आणि रिक्षावाला म्हणतो, "दो सौ लगेंगे, बाऊजी." मैदानावर पोचलो तर फाटकाला कुलूप, चौकीदार जेवायला गेलेला. आमची मोटार आत, आम्ही बाहेर, आणि पलीकडे कुत्रं भुंकतंय.

लोक आळशी आहेत असं कमिटीत म्हणतात म्हणे. मग राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या आय-बसला गर्दी कुठून यायची? निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून. घड्याळ न बघता स्टॉपवर जाऊन उभं राहिलं तरी चालायचं, एक गेली तर मागून दुसरी यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं तो कॉरिडॉर काढायला परवानगी दिली, तेव्हा मोटारवाल्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मीही खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

ऑक्सफर्डहून (माहेर रामबाग):
काका, काकूंना नमस्कार सांगा.

मोटार कडेला लावून बसनं गावात जायचा हा प्रकार इथे १९७३ पासून चालू आहे. पहिली कायमची जागा रेडब्रिज, आता शहराच्या कडेनं अशा पाच आहेत. पण ही बस इथे चालते त्याला कारण आहे. गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मिळालीच तर तासाचे इतके पैसे पडतात की त्यापुढे बसचं तिकीट स्वस्त वाटतं. आपल्याकडे स्कूटर थेट दुकानाच्या ओट्याला टेकते, तीही फुकट. स्कूटरवाला मैदानात उतरून बसमध्ये कशाला चढेल? त्याला हिशोबात धरूच नका. ही गाडी काका-काकूंसारख्या चारचाकीवाल्यांची आहे. तसे २२ जण मिळाले तर खूप झाले.

आणि दुसरं म्हणजे, नाटक संपल्यावर इंदूरचा माणूस सरळ घरी जातो, हे कोणी ठरवलं? सराफ्यात सोन्याची दुकानं मिटून भट्ट्या पेटलेल्या असतात, नेमकी तेव्हाच आपली शेवटची बस सुटते. थंडीत गरम गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जिरावण मसाला भुरभुरून पुढे केलेला दोना सोडून साडेनऊला गाडीत बसणारे ते तीन जण कोण, मला खरंच भेटायचंय त्यांना! बाबा आम्हाला नाटकाला न्यायचे तेव्हा अर्धं आमिष भुट्ट्याच्या कीसाचं असायचं. परतीची सोय मनासारखी नसेल तर माणूस जातानाच मोटार काढतो.

सुदामा नगरहून:
त्या तिघांतली एक मी. पथ्य आहे माझं, म्हणून.

सगळ्यांना अकरापर्यंत ताटकळत ठेवू नका. परतीच्या दोन फेऱ्या करा. पहिली सभागृहातून, कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांनी, मग घड्याळात कितीही वाजोत. दुसरी पावणेअकराला, सराफ्याजवळच्या राजवाड्याहून. चौकीदाराला दुसरी फेरी येईपर्यंत थांबवा, नाहीतर किल्ली तरी ड्रायव्हरकडे द्या. आणि आभार मध्यंतरात उरका, म्हणजे हॉर्नची भानगडच नको.

चिटणीस:
ड्रायव्हरशी बोललो. दुसऱ्या फेरीचे पाचशे जास्त मागतो, शिवाय एक प्लेट कीस. कीस मी माझ्या अधिकारात मंजूर केला, पाचशेचं रविवारी बघू. किल्लीला चौकीदार तयार आहे.

आभार मध्यंतरात घ्यायचे हे अध्यक्षांना सांगायला कोण जातंय, तेवढं कळवा.