प्रतिसाद: विलीनीकरणाआधी मास्तर द्या

पट कमी झालेली महाविद्यालयं मोठ्या महाविद्यालयांत विलीन करा, ही सूचना मला पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लांबच्या चंदगड, गगनबावडा तालुक्यांकडच्या मुलीचं महाविद्यालय कोल्हापुरात हलवलं, की बऱ्याच घरांत तिचं शिक्षणच थांबतं. एसटीची वेळ आणि खोलीचं भाडं यावरच सगळं ठरतं हो!

शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. 1880 साली सुरू झालेलं राजाराम कॉलेज कोल्हापुरात होतंच, पण खेड्यातलं पोर तिथं टिकणार कसं? म्हणून 1901 पासून एकेका समाजाची बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, उभी राहिली. आज आधी वसतिगृहं भरतील असं बघा, वर्ग आपोआप भरतील.

दुसरं म्हणजे प्राध्यापक. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारा, माणूस दोन-तीन ठिकाणी धावतो, सुट्टीत त्याला पगार नाही. तो विभाग कधी बांधणार? रिकाम्या जागा भरल्याशिवाय महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या फायली रंगवून काही होत नाही. (इमारतीला नवा रंग देऊन तर नाहीच नाही.)

आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी एवढं शेजारी असताना अभ्यासक्रमात त्यांचा मागमूस का नसावा? स्वायत्त महाविद्यालयांना तर अभ्यासक्रम स्वतः ठरवता येतो. त्यांनी तरी सुरुवात करावी.