झोग राजाचं नाणं: प्रूफ की नुसतंच घासलेलं?

नाणेवेडा_सांगली:
मंडळी, सध्या अल्बानियाच्या नाण्यांमागे लागलोय. झोगची राजेशाही जेमतेम साडेदहा वर्षांची. १ सप्टेंबर १९२८ला राष्ट्राध्यक्षाचा राजा झाला. एप्रिल १९३९मध्ये इटलीचं सैन्य उतरलं आणि राजाराणी दोन दिवसांचं पोर घेऊन ग्रीसला पळाले. नाणी मोजकीच, म्हणजे माझ्यासारख्या पगारदाराचाही संच पुरा होईल असा हिशोब. (१०० फ्रांगाचं सोन्याचं नाणं फक्त फोटोत बघायचं, हे बायकोला आधीच कबूल केलंय.)
परवा परदेशातल्या एका विक्रेत्याकडून १९३७चं चांदीचं १ फ्रांग घेतलं, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं. 'दुर्मीळ प्रूफ' (म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) म्हणून तिप्पट मोजले. आलंय ते आरशासारखं चकचकीत. सराफाच्या काट्यावर ४.९७ ग्रॅम भरलं. प्रूफच ना?

भिंगवाली:
दादा, वजनावरून फार तर अस्सल आहे एवढं कळेल. ५ ग्रॅम, ८३५ची चांदी (हजारात ८३५ भाग शुद्ध) हे साध्या नाण्याचंही माप. भिंग घ्या. प्रूफसाठी डायच, म्हणजे नाणं ठोकायचा ठसाच, पॉलिश करतात, ठोकेही एकाहून जास्त देतात, त्यामुळे चकाकी अक्षराच्या पार मुळाशी जाते. फडकं तिथे पोचत नाही. सांदीत काळपट दिसलं की काय ते समजा. मुंबई टांकसाळीचा एखादा प्रूफ संच असेल तर शेजारी ठेवून बघा.

जुनाखुर्दा:
'प्रोवा' शब्द आहे का तेही बघा. रोमला पाडलेल्या झोगच्या काही नाण्यांवर असतो. इटालियनमध्ये त्याचा अर्थ चाचणी, म्हणजे ते नमुन्याचं नाणं. दुर्मीळ असतं, पण विकणारे बिनदिक्कत त्याचं 'प्रूफ' करतात. आणि १९२६-२७ची नाणी राजेशाहीच्या संचात घुसवू नका. तेव्हा स्वारी नुसती अध्यक्ष होती.

नाणेवेडा_सांगली:
बघितलं. 'प्रोवा' नाही. झोगच्या नावातल्या 'ओ'च्या पोटात काजळी बसलीय. राजाच्या गालापासून मागच्या सपाट भागापर्यंत एकाच दिशेने बारीक रेघा, पितांबरीने तांब्या घासावा तशा. बाबांचा गांधी शताब्दीचा १९६९चा प्रूफ संच शेजारी ठेवला आणि पुढे भिंगाची गरजच उरली नाही.
विक्रेत्याला फोटो धाडले. म्हणतो, "जुनं आहे, चालायचंच." परत घ्यायला तयार आहे, टपालखर्च माझा.

भिंगवाली:
पाठवून द्या. आणि पाठवण्याआधी पुन्हा पुसूबिसू नका, तेवढंच निमित्त पुरेल त्याला!